वाचकाची नोंद : खानदेशातील सार्वजनिक ग्रंथालयांचे दप्तर आणि वाचकाचे गुपित

खानदेशातील सार्वजनिक वाचनालयांचा इतिहास आजवर बहुधा संस्थापक, देणगीदार, इमारत आणि ग्रंथसंख्या यांच्या अंगाने सांगितला गेला आहे. वार्षिक अहवाल, शताब्दीचे अंक व गौरवग्रंथ ही त्याची साधने. त्यांत वाचक भेटतो तो आकड्याच्या रूपाने : अमुक साली वर्गणीदार इतके, घरी नेलेली पुस्तके इतकी. त्या आकड्यांच्या मागे ज्या मूळ नोंदी असतात, म्हणजे कोणत्या दिवशी कोणत्या माणसाने कोणते पुस्तक नेले व केव्हा परत केले हे सांगणारे रकाने, त्यांच्याकडे वाचनाच्या इतिहासाच्या अभ्यासकाचे लक्ष वळणे स्वाभाविक आहे. ग्रंथ किती विकला गेला यावरून तो किती वाचला गेला हे ठरत नाही. समीक्षकाने केलेली स्तुती व सामान्य वाचकाची पसंती यांचाही मेळ क्वचितच बसतो. या बाबतीत देवघेवीच्या रजिस्टराइतके बोलके साधन दुसरे नाही. परंतु ज्या माणसाविषयी ते बोलते त्याने आपल्याविषयीचा पुरावा म्हणून ते कधीच लिहू दिलेले नव्हते. पुस्तक परत येण्याची हमी एवढ्यापुरतेच त्याने आपले नाव तेथे दिले होते. हे नाव कोणी, केव्हा व कशासाठी वाचावे हा प्रश्न अभ्यासकाच्या सोयीच्या आधी विचारला गेला पाहिजे.

ब्रिटिश अंमल सुरू झाल्यानंतर १८१९ साली कॅप्टन जॉन ब्रिग्ज याने धुळे हे खानदेशाचे मुख्य ठाणे केले. कचेरी, न्यायालय व शाळा तेथे क्रमाने आल्या आणि त्यांच्याबरोबर कारकून, वकील व शिक्षक यांचा वर्ग आला. पुस्तके विकत घेण्याची ऐपत बेताची, पण वाचण्याची गरज मोठी, अशी या वर्गाची स्थिती होती. जळगावचा उत्कर्ष याहून उशिराचा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६२ ते १८६५ या वर्षांत कापसाचे भाव चढले, त्याच सुमारास लोहमार्ग आला, आणि जळगाव ही कापसाची मोठी पेठ बनली. पुढे वल्लभदास वालजी यांच्या नावाने ओळखले जाऊ लागलेले तेथील वाचनालय १८७७ सालचे. धुळ्यास गरुड वाचनालयाने हेच कार्य केले. १९०६ साली खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे करण्यात आले, १९६० साली त्यांना जळगाव व धुळे ही नावे मिळाली, आणि १९९८ साली धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. एवढा भूगोल पुढील विवेचनास पुरेसा आहे.

या वाचनालयांच्या दप्तराची घडण ध्यानात घेतल्यावाचून गोपनीयतेच्या प्रश्नाचे स्वरूप कळणार नाही. मुंबई इलाख्यातील आरंभीची वाचनालये, उदाहरणार्थ नगर (१८३८), नाशिक (१८४०) व पुणे (१८४८) येथील, युरोपियन अधिकाऱ्यांच्या व स्थानिक प्रतिष्ठितांच्या आश्रयाने निघाली. त्यांचा व्यवहार वर्गणी व अनामत यांवर चालत असे. वर्गणी थकली तर पुस्तक बंद, पुस्तक हरवले तर अनामत जप्त, हा नियम. अशा व्यवहारास लागणारी नोंद कशी ठेवावी हे कोणी नव्याने शोधून काढण्याची गरज नव्हती. पेढीवरील किर्द व खतावणी डोळ्यांसमोर होतीच. रोजच्या देवघेवीची वही म्हणजे किर्द. त्यावरून प्रत्येक वर्गणीदाराच्या पानावर ओढलेली नोंद म्हणजे खतावणी. सावकाराच्या खतावणीत कुळाच्या नावे रक्कम पडते, वाचनालयाच्या खतावणीत वाचकाच्या नावे पुस्तक पडते. पुस्तक परत आले की ओळीवर रेघ मारली जाते. ती रेघ कर्ज फिटल्याची खूण होय. परंतु रेघेखालचे अक्षर तसेच राहते, आणि पाच-दहा वर्षांनी त्या एका पानावर एका माणसाचे वाचन सलग उलगडलेले दिसते.

येथे हेतू हेरगिरीचा नव्हता हे स्पष्ट म्हटले पाहिजे. अलीकडे प्रत्येक नोंदवहीत सत्तेची नजर पाहण्याची एक रीत पडली आहे; खानदेशातील वाचनालयांच्या बाबतीत ती फारशी उपयोगी नाही. वही ठेवणारा चिटणीस वा ग्रंथपाल देणगीदारांस व सभासदांस हिशेब देण्यास बांधलेला होता, इतकेच. तथापि हिशेबासाठी लिहिलेला कागद हिशेबापुरताच वापरला जाईल अशी हमी कोणताही कागद देत नाही.

नोंदीची पद्धती बदलली की गुपिताचे स्वरूपही बदलते, ही गोष्ट ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सहसा वेळ व श्रम यांच्या काटकसरीच्या प्रकरणात दडून जाते. खतावणीत वाचकाचे सर्व वाचन एकत्र राहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत रूढ झालेल्या नेवार्क पद्धतीत पुस्तकाच्या कार्डावर वाचकाचा क्रमांक व तारीख लिहितात. तेथे पुस्तकाचे सर्व वाचक एकाखाली एक दिसतात आणि पुढच्या वाचकालाही कधी कधी ते पाहता येतात. याच काळातील ब्राउन पद्धती निराळी. तीत पुस्तकाचे कार्ड वाचकाच्या तिकिटाच्या खिशात घालून तारखेच्या क्रमाने पेटीत ठेवतात. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात व तिकीट वाचकाच्या हातात जाते, आणि हे पुस्तक या माणसाने नेले होते याचा कोणताही लेखी मागमूस मागे उरत नाही. आपल्याकडील महाविद्यालयीन ग्रंथालयांत ब्राउन पद्धती दीर्घकाळ चालली ती स्वस्त व झटपट म्हणून. तिने वाचकाचे गुपितही राखले, हा तिचा गुण कोणी मुद्दाम वाखाणल्याचे फारसे आढळत नाही. वर्गणीच्या सार्वजनिक वाचनालयांत मात्र वहीचीच पद्धत अधिक मुरलेली होती, कारण तेथे प्रत्येक पुस्तकामागे पैशाचा प्रश्न होता.

आता सरकारच्या दृष्टीकडे वळावयास हरकत नाही. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यान्वये छापखाने व पुस्तके यांची नोंदणी सुरू झाली आणि प्रत्येक प्रांतात प्रसिद्ध होणाऱ्या ग्रंथांच्या त्रैमासिक याद्या निघू लागल्या. देशी वृत्तपत्रांवरील साप्ताहिक गुप्त अहवालांत धुळ्याचे ‘खानदेश वैभव’ व जळगावची ‘प्रबोध चंद्रिका’ यांसारखी पत्रे येत. या अहवालांना जोडलेल्या कोष्टकांत पत्राचे नाव, गाव, संपादकाचे नाव, त्याची जात, वय आणि खपाचा आकडा दिलेला असे. लेखक, मुद्रक व संपादक यांची इतकी बारीक नोंद ठेवणाऱ्या सरकारला वाचक मात्र केवळ संख्येच्या रूपानेच माहीत होता. वाचकापर्यंत पोचण्याचे साधन सरकारजवळ नव्हते. ते गावच्या वाचनालयाच्या कपाटात होते.

१९१० च्या मुद्रणविषयक कायद्याने जप्त ठरविलेल्या ग्रंथाची प्रत्येक प्रत, ती कोठेही असो, सरकारजमा करण्याचा व तिच्यासाठी झडती घेण्याचा अधिकार आला. १९२२ साली तो कायदा रद्द झाला तेव्हा हा अधिकार फौजदारी व्यवहार संहितेच्या ९९-अ कलमात घालण्यात आला. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांचा ‘आमच्या देशाची स्थिती’ हा ‘निबंधमाले’तील निबंध १८८२ पूर्वीचा, तो १९१० साली बंदीखाली आला व काँग्रेस मंत्रिमंडळाच्या काळात १९३७ साली त्यावरील बंदी उठली. ‘निबंधमाला’ हा काही चोरून वाचण्याचा ग्रंथ नव्हे. मराठी वाचनालयाची प्रतिष्ठाच अशा ग्रंथांनी ठरत असे. एका सरकारी अधिसूचनेने तीस वर्षे कपाटात उघडपणे असलेली प्रत गुन्ह्याची वस्तू बनली. दाखल रजिस्टर हीच जप्तीची यादी झाली, आणि देवघेवीच्या वहीतील जुन्या ओळी, ज्या लिहिताना कोणाच्याही मनात भय नव्हते, त्यांना मागाहून निराळा अर्थ चिकटला. नोंदीच्या गोपनीयतेचा खरा मुद्दा येथेच आहे. नोंद ज्या दिवशी होते त्या दिवशी ती निरुपद्रवी असते. तिचा अर्थ पुढच्या सत्तेच्या व पुढच्या काळाच्या हातात असतो.

वाचन हा पुरावा होऊ शकतो, हे त्या काळच्या राजकीय खटल्यांनी दाखवून दिले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिक येथे कलेक्टर जॅक्सन याचा वध झाल्यानंतर जे खटले चालले, त्यांत विनायक दामोदर सावरकर यांच्या मॅझिनीवरील १९०७ च्या मराठी ग्रंथाची प्रस्तावना विचारात घेतली गेली. मीरत कटाच्या खटल्यात तर २० मार्च १९२९ च्या झडत्यांत सापडलेली पुस्तके व कागदपत्रे हाच पुराव्याचा मोठा भाग होता, आणि आरोपींत मुंबईचे अनेक मराठी कामगार पुढारी होते. हा प्रश्न इंग्रजांबरोबर गेला असे नाही. महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका प्रकरणात जामीन देताना त्या न्यायालयास जुलै २०२३ मध्ये असे नमूद करावे लागले की, हिंसेचा पुरस्कार करणारे साहित्य केवळ जवळ असणे एवढ्याने संबंधित कायद्याखालील अपराध सिद्ध होत नाही.

ग्रंथपालाकडून वही मागविण्यास विशेष कायद्याची जरुरी कधीच नव्हती. कोणताही दस्तऐवज हजर करण्याचा हुकूम काढण्याचा अधिकार १८९८ च्या फौजदारी व्यवहार संहितेच्या ९४ व्या कलमात होता. १९७३ च्या संहितेत तो ९१ व्या कलमात गेला. २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो पुन्हा ९४ व्या कलमात आला आहे. आकडा फिरून मूळ जागी आला. या कलमांतील अपवाद लक्षात घेण्याजोगे आहेत. टपाल खात्याच्या ताब्यातील पत्रास त्यातून वगळले आहे, आणि १९७३ पासून पेढ्यांच्या वह्यांविषयीच्या १८९१ च्या कायद्यासही बाधा येऊ नये अशी तजवीज आहे. सावकारी पेढीच्या खतावणीस कायद्याने स्वतंत्र स्थान दिले. तिच्याच नमुन्यावर बेतलेल्या वाचनालयाच्या खतावणीचा विचार कोणी केला नाही.

तथापि जिल्ह्याच्या गावी वाचकास पोलिसांचे भय क्वचित, शेजाऱ्यांचे भय नित्याचे. जळगाव वा धुळे येथे पुस्तक देणारा व घेणारा एकमेकांस केवळ नावाने ओळखत नसतात. आडनावावरून जात, पेठेवरून बिऱ्हाड व वडिलांच्या नावावरून सर्व घराणे ठाऊक असते. रघुनाथ धोंडो कर्वे यांचे ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक जुलै १९२७ पासून नोव्हेंबर १९५३ पर्यंत चालले. संततिनियमन व लैंगिक जीवन यांविषयी वाचक त्यात प्रश्न विचारीत व कर्वे उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला व त्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. प्रश्नकर्त्यांनी आपले मन मोकळे केले ते नाव उघड होणार नाही या विश्वासावर. असे मासिक टपालाने वेष्टनातून घरी मागविणे एक, आणि ते वाचनालयाच्या मेजावर मागून वहीत सही करणे वेगळे. तरुण विधवा, नवविवाहित शिक्षक, वसतिगृहातील विद्यार्थी यांपैकी कितींनी केवळ वहीच्या धाकाने हात आखडला असेल, याचा पत्ता कोणत्याही दप्तरात लागणार नाही. देवघेवीचे रजिस्टर झालेले वाचन सांगते. राहून गेलेले वाचन सांगत नाही. या साधनाचा उपयोग करणाऱ्याने त्याची ही मर्यादा प्रथम मानली पाहिजे, कारण ती मर्यादा गोपनीयतेच्या अभावातूनच उत्पन्न झालेली आहे.

मग इतका काळ वाचकाचे गुपित राहिले कशाने? उत्तर काहीसे अनपेक्षित आहे. ते कायद्याने राहिले नाही, व्यवसायाच्या लिखित नीतीनेही राहिले नाही. ते राहिले ग्रंथपालाच्या मुखसंयमाने आणि वाळवीने. चांगला ग्रंथपाल कोणी काय नेले याची वाच्यता करीत नसे. जुन्या वह्या माळ्यावर जात, ओल लागे, कसर लागे, जागेच्या टंचाईत रद्दी निघे. इतिहासकार ज्या नाशाबद्दल हळहळतो, त्याच नाशाने हजारो वाचकांचे रक्षण केले.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर व नंतर ग्रंथालयांचा सरकारशी संबंध वाढला. १९३९ साली नेमलेल्या फैजी समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यातील वाचनालयापर्यंत श्रेणीबद्ध रचना सुचविली. कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ चा. त्याने राज्य ग्रंथालय परिषद, ग्रंथालय विभाग व अनुदान यांची व्यवस्था लावली, आणि १९७० च्या नियमांनुसार ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पडले. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, नियतकालिके, उघडे राहण्याचे तास यांवर वर्ग ठरतो व वर्गावर अनुदान. साहजिकच तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यापुढे दाखल, सभासद व देवघेव या नोंदवह्या मांडाव्या लागतात. पूर्वी देणगीदारास हिशेब देण्यासाठी असलेली वही आता शासनास हिशेब देण्यासाठी आहे. २०१२ साली राज्यातील ग्रंथालयांची पडताळणी महसूल यंत्रणेकडून करण्यात आली. केवळ कागदावर चालणारी ग्रंथालये हुडकून काढणे हा तिचा हेतू, व तो योग्यच होता. परंतु सभासद खरे की खोटे हे पाहण्यासाठी वही उघडणारा माणूस त्या सभासदांनी काय वाचले हेही त्याच ओळीत पाहतो, या गोष्टीची दखल अधिनियमात नाही. वाचकाच्या नोंदींच्या गोपनीयतेविषयी त्यात कलमच नाही.

या उणिवेचे कारण उदासीनतेत शोधू नये. भारतीय ग्रंथालय चळवळीपुढील प्रश्न निराळा होता. डॉ. रंगनाथन यांची १९३१ ची पंचसूत्रे ग्रंथ उपयोगात आणणे, प्रत्येक वाचकास त्याचा ग्रंथ व प्रत्येक ग्रंथास त्याचा वाचक मिळवून देणे, वाचकाचा वेळ वाचविणे आणि ग्रंथालयाची वाढ यांविषयी आहेत. ज्या समाजात वाचकालाच ग्रंथालयात आणावयाचे होते, तेथे आलेल्या वाचकाला झाकण्याचा विचार मागे पडला तर नवल नाही. अमेरिकेत १९३९ च्या ग्रंथपालांच्या नीतिसंहितेत वाचकाविषयीची खासगी माहिती गुप्त राखण्याचे कर्तव्य नमूद झाले. तरी त्याची कसोटी लागली ती १९७० साली, जेव्हा महसूल खात्याच्या अधिकाऱ्यांनी मिलवॉकी येथील सार्वजनिक ग्रंथालयात स्फोटकांवरील पुस्तके नेणाऱ्यांची नावे मागितली. त्यावरून तेथील ग्रंथालय संघाने १९७१ साली नोंदी न्यायालयीन आदेशावाचून न देण्याचे धोरण स्वीकारले. आपल्याकडे असा प्रसंग लेखी धोरणापर्यंत पोचला नाही.

खानदेशच्या अभ्यासकास मात्र यासाठी मिलवॉकीपर्यंत जाण्याचे कारण नाही. ज्यांच्या नावाने धुळ्यास १९२७ साली संशोधन मंडळ स्थापन झाले, त्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्याच कार्यात या प्रश्नाचे मूळ सापडते. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन पावलेल्या या संशोधकाने आयुष्यभर गावोगाव हिंडून दप्तरे मिळविली. १८९८ पासून प्रसिद्ध झालेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे २२ खंड त्या वणवणीचे फळ होय. घरोघरी त्यांना जो नकार मिळे तो केवळ अज्ञानाचा नव्हता. १८५२ च्या अकराव्या कायद्याने दख्खन, खानदेश व दक्षिण महाराष्ट्र येथील इनामांच्या हक्कांची चौकशी सुरू झाली. इनाम कमिशनने सनदा मागविल्या आणि कित्येकांची उत्पन्ने खालसा झाली. कागद दाखविला आणि वतन गेले, ही आठवण घराघरांत होती. त्यामुळे कागद मागणारा पाहुणा इतिहासासाठी आला आहे की सरकारसाठी, अशी शंका घेणारा देशमुख वा कुळकर्णी मूर्ख ठरत नाही. पूर्वी एकदा ज्याने विश्वास ठेवला त्याचे काय झाले हे तो जाणत होता. कागद जिवंत माणसाला बाधू शकतो, हे ज्ञान राजवाड्यांच्या परंपरेतील संशोधकास तरी परके नसावे.

त्याचा अगदी अलीकडचा दाखला पुण्यातील आहे. जेम्स लेन यांच्या शिवछत्रपतींवरील २००३ च्या इंग्रजी ग्रंथावरून क्षोभ उसळला, तेव्हा त्या ग्रंथाच्या ऋणनिर्देशात नाव आलेल्या एका संस्कृत पंडितांच्या तोंडाला डिसेंबर २००३ मध्ये काळे फासण्यात आले, आणि ५ जानेवारी २००४ रोजी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला होऊन तेथील ग्रंथ, हस्तलिखिते व वस्तू यांची नासधूस झाली. ग्रंथावरील बंदी पुढे न्यायालयात टिकली नाही. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय २०१० सालचा. परंतु ऋणनिर्देशातील नावांची यादी ही एका अर्थी संशोधन ग्रंथालयाची वाचक-नोंदवहीच होती, आणि ती छापील असल्यामुळे जमावास सहज मिळाली. ज्या संस्थांत हस्तलिखिते पाहण्यासाठी येणाऱ्याचे नाव, पत्ता, विषय व मागितलेल्या पोथीचा क्रमांक लिहून घेतात, त्यांनी ही घटना विसरू नये. पोथीच्या रक्षणासाठी अशी नोंद अपरिहार्य आहे. ती कोणाच्या हाती पडते हा प्रश्नही तितकाच अपरिहार्य आहे.

कायद्याची स्थिती गेल्या काही वर्षांत पालटली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला व १९५४ आणि १९६२ सालच्या निर्णयांतील विरुद्ध मत रद्द केले. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्याचा रोख संगणकीय स्वरूपातील माहितीवर आहे, म्हणून कपाटातील कागदी वही त्याच्या कक्षेबाहेर राहते. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा व्यक्तिगत माहितीस संरक्षण देतो खरा. परंतु त्याच्या आठव्या कलमाच्या तिसऱ्या पोटकलमानुसार वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती, मोजके अपवाद सोडून, द्यावी लागते, आणि त्या अपवादांत व्यक्तिगत माहिती नाही. सार्वजनिक निधीवर चालणाऱ्या ग्रंथालयास हा कायदा लागू ठरला तर वाचकाचे गुपित वीस वर्षांनी उघडे पडू शकते. याउलट १९४८ च्या जनगणना कायद्याचे १५ वे कलम पाहावे. जनगणनेत माणसाने दिलेल्या उत्तरांची नोंद कोणास पाहता येत नाही व ती सामान्यतः पुरावा म्हणूनही चालत नाही. घरात माणसे किती हे सांगणाऱ्या कागदास एवढे कवच, आणि त्या माणसांनी काय वाचले हे सांगणाऱ्या कागदास काहीच नाही, ही विसंगती सहज नजरेत भरण्यासारखी आहे.

वीस वर्षांची मुदत या बाबतीत स्पष्टपणे अपुरी आहे. १९७० साली पंधरा वर्षांचा असलेला वाचक आज सत्तरीत आहे. त्याचे नातेवाईक, विरोधक, निवडणुकीतील प्रतिस्पर्धी हयात आहेत. ब्रिटनमध्ये जनगणनेची मूळ पत्रके शंभर वर्षांनी खुली होतात. तीच मर्यादा शेवटच्या नोंदीपासून वाचनालयांच्या नोंदवह्यांस लावणे न्याय्य होईल. याची किंमत इतिहासकारास मोजावी लागेल हे नाकारण्यात अर्थ नाही. टिळकयुगाच्या वह्या, जेथे त्या उरल्या असतील तेथे, त्यास मिळतील. परंतु फैजपूर काँग्रेसचे १९३६ साल, बेचाळीसची चळवळ, साने गुरुजींच्या पुस्तकांचा पहिला वाचकवर्ग, ‘समाजस्वास्थ्या’चे खानदेशातील वाचक, म्हणजे ज्या प्रश्नांसाठी या वह्या उघडाव्याशा वाटतात नेमके तेच प्रश्न, आणखी काही वर्षे थांबतील. मात्र थांबावयाचे म्हणजे वह्या रद्दीत जाऊ द्यावयाच्या असे नव्हे. आजवर गुपित राखण्याचे काम नाशाने केले. ते काम यापुढे कुलूप व मुदत यांनी केले पाहिजे, आणि तसे करावयाचे तर वही कोठे, कोणाच्या ताब्यात व कोणत्या अटीवर ठेवली आहे हे संस्थेच्या ठरावात लिहिलेले असावयास हवे.

संगणकाने हा प्रश्न अधिक तातडीचा केला आहे, कारण त्यास वाळवी लागत नाही. ग्रंथालयाची आज्ञावली, विशेष काही न केल्यास, प्रत्येक देवघेवीचा इतिहास साठवीत राहते. जुन्या खतावणीचे पान जणू कायमचे उघडे राहते, आणि ते जळगावच्या कपाटात न राहता दूरच्या यंत्रावर जाते. ‘कोहा’सारख्या मुक्त आज्ञावलीत परत आलेल्या पुस्तकाचा वाचकाशी असलेला संबंध पुसून त्या जागी निनावी खातेदार घालण्याची सोय आहे, व आपला वाचनेतिहास ठेवावा की नाही हे वाचकासही ठरविता येते. अर्थात ब्राउन पद्धतीत जे लाकडी पेटीने आपोआप साधत होते, ते येथे कोणीतरी मुद्दाम चालू करावे लागते. ही सोय चालू आहे काय, हे तपासणीच्या प्रपत्रात विचारले जावयास हवे.

नावे वगळून केवळ पुस्तकनिहाय आकडे अभ्यासकास द्यावेत, ही मधली वाट मोठ्या वाचनालयांपुरती चालण्यासारखी आहे. जिल्हा ग्रंथालयाच्या हजारो नोंदींत एखादी कादंबरी चाळीस वेळा गेली असे सांगण्याने कोणाचेच गुपित फुटत नाही. परंतु सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात, जेथे सभासद मोजके, त्यांत स्त्रिया चार-दोन, व शिक्षक एकच, तेथे ‘एका शिक्षकाने नेलेले पुस्तक’ एवढे म्हटले तरी नाव सांगितल्यासारखेच होते. अशा गावांच्या वह्यांपुरता तरी आकड्यांचा आडोसा पुरणार नाही. आणि खानदेशातील वाचनाचा इतिहास केवळ जळगाव व धुळे या दोन शहरांच्या आधारे लिहावयाचा नसेल, तर काम पडणार आहे ते याच वह्यांशी.